जीपीए बेताचा असताना अमेरिकेत डीपीटीला अर्ज कसा करायचा

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट (पीटी) व्हायचे तर डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, ही साधारण तीन वर्षांची पदवी लागते. बहुतेक प्रोग्रॅम पीटीकॅस या एकाच केंद्रीय पोर्टलवरून अर्ज घेतात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे ४ पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी, ३.५ च्या आसपास असतो आणि बऱ्याच ठिकाणी किमान अट ३.० ची असते. ज्यांचा आकडा २.७ ते ३.२ च्या दरम्यान आहे, त्यांच्यासाठी हे सगळे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कॉलेज एकच जीपीए बघत नाही. कुणी एकूण जीपीए बघतो, कुणी सायन्सचा, कुणी फक्त प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी पूर्ण कराव्याच लागणाऱ्या) विषयांचा, तर कुणी शेवटच्या ६० क्रेडिट्सचा (क्रेडिट म्हणजे कोर्सचे वजन मोजणारे एकक). एकाच विद्यार्थ्याचे हे चार आकडे २.९, २.८, ३.४ आणि ३.६ असे निघू शकतात. बेताच्या मार्कांवर प्रवेश मिळवायचा म्हणजे आपला कोणता आकडा चांगला आहे किंवा वर्षभरात चांगला होऊ शकतो हे ओळखायचे, आणि तोच आकडा बघणाऱ्या कॉलेजांना अर्ज करायचा. हे न करता नावाजलेल्या पंधरा कॉलेजांना अर्ज टाकणारे बहुधा पैसे आणि एक वर्ष, दोन्ही गमावतात.

आधी स्वतःचा हिशेब

प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) काढा. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमधून, ड्युअल एन्रोलमेंटचा एखादा कोर्स केला असेल तर तीही. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कोर्सची एक ओळ: कोर्स, सेमिस्टर, क्रेडिट, ग्रेड, गुण (ग्रेडचा आकडा गुणिले क्रेडिट). ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.०, सी मायनस १.७, डी १.०, एफ शून्य. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजची क्रेडिट्स ०.६६७ ने गुणून सेमिस्टरमध्ये आणा.

इथे पहिला धक्का बसतो. तुमच्या विद्यापीठाने रिपीट केलेल्या कोर्सची जुनी ग्रेड ‘माफ’ करून जीपीए वाढवलेला असेल, पण पीटीकॅस ती माफी मानत नाही. जुनी आणि नवी, दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. विद्यापीठाच्या पोर्टलवर ३.१ दिसणारा आकडा पीटीकॅसमध्ये २.९ होतो, आणि ३.० ची अट असलेल्या ठिकाणी तो अर्ज कुणी न वाचताच बाद होऊ शकतो. शुल्क परत मिळत नाही. म्हणून विद्यापीठाचा आकडा बाजूला ठेवा आणि स्वतः बेरीज करा.

मग चार आकडे काढा: एकूण, सायन्स, प्रीरिक्विझिट आणि शेवटची ६०.

आता यातले काय हलते ते बघू. समजा १२० क्रेडिट्स झाली आहेत आणि जीपीए २.९ आहे, म्हणजे ३४८ गुण. ३.० गाठायला १२ क्रेडिट्समध्ये निखळ ए लागतात. २.८ असेल तर २४ क्रेडिट्स, २.७ असेल तर ३६. थोडक्यात, १२० क्रेडिट्सवर दर ०.१ च्या तुटीला १२ क्रेडिट्सचे ए. आणि बी मिळवून हा आकडा ३.० ला कधीच पोचत नाही, कारण बी म्हणजेच ३.०, त्याने सरासरी त्या दिशेने सरकते, पण तिथे पोचत नाही. त्यामुळे ‘अजून काही कोर्स करून बघतो’ या विचारात ए मिळण्याची खात्री नसेल तर तो विचार सोडा.

त्याउलट शेवटच्या ६० क्रेडिट्सचे पाहा. पदवीची शेवटची ३० क्रेडिट्स ३.२ ने झाली आहेत, म्हणजे ९६ गुण. त्यावर ३० नवी क्रेडिट्स ए ने केली, म्हणजे १२० गुण. २१६ भागिले ६०, म्हणजे ३.६. त्याच ३० क्रेडिट्सनी एकूण जीपीए २.९ वरून जेमतेम ३.१२ होतो. मेहनत तीच, पण एका आकड्यात ती ठळक दिसते आणि दुसऱ्यात जवळजवळ दिसतच नाही.

प्रीरिक्विझिटचेही तसेच. ४० क्रेडिट्स, जीपीए २.८, गुण ११२. त्यातले सी मिळालेले तीन कोर्स, प्रत्येकी ४ क्रेडिट्सचे, पुन्हा करून ए मिळवले. जे कॉलेज फक्त सर्वोत्तम ग्रेड धरते, तिथे २४ गुण जाऊन ४८ येतात आणि आकडा ३.४ होतो. जे कॉलेज दोन्ही प्रयत्नांची सरासरी धरते, तिथे १६० भागिले ५२, म्हणजे ३.०८. म्हणूनच रिपीटबद्दलचे धोरण हा कॉलेज निवडतानाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

काय पुन्हा करायचे, काय नाही

नेहमी लागणारे विषय असे: अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी दोन सेमिस्टर लॅबसह, जनरल केमिस्ट्री दोन आणि फिजिक्स दोन, दोन्ही लॅबसह, बायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. काही ठिकाणी एक्झरसाइज फिजिऑलॉजीही लागते. बहुतेक ठिकाणी प्रत्येक विषयात किमान सी हवा. सी मायनस चालत नाही.

त्यामुळे सी मायनस किंवा त्याखालचे काहीही आधी पुन्हा करा, त्याला पर्याय नाही. त्यानंतर अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीतला सी. निवड समितीची नजर या विषयावर आधी जाते, कारण डीपीटीच्या पहिल्याच सेमिस्टरला ग्रॉस अ‍ॅनाटॉमी असते, बऱ्याच ठिकाणी शवविच्छेदनासह, आणि गळती होते ती तिथेच. फिजिक्सचा एखादा सी राहिला तर चालून जाते. बी असलेला कोर्स पुन्हा करू नका. तो वेळ एक्झरसाइज फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स किंवा न्यूरोसायन्ससारख्या वरच्या पातळीच्या नव्या कोर्सला द्या.

एका सेमिस्टरला एकच कोर्स करून ए मिळवला तर त्याचे वजन कमी पडते. डीपीटीत पंधरा-सोळा क्रेडिट्स एका दमात पेलावी लागतात. दोन-तीन सायन्स कोर्स एकत्र घेऊन ए मिळवले तर ‘आता हे विद्यार्थी झेपवू शकतात’ असे समितीला म्हणता येते. नोकरी सांभाळून हे करणार असाल तर नोकरीचे तास आधी कमी करा, मगच नोंदणी करा. दुसऱ्यांदाही सी आला तर तो पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. कोर्स हाताबाहेर जातोय असे दिसले तर मुदतीच्या आत डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडा. एखादा डब्ल्यू माफ होतो. पाच-सहा असतील तर प्रश्न विचारले जातात.

कम्युनिटी कॉलेजचे कोर्स बहुतेक ठिकाणी चालतात आणि बरेच स्वस्त पडतात. अडचण येते ती ऑनलाइन लॅबची, ‘चार वर्षांच्या कॉलेजमधूनच’ अशा अटीची, कोर्स पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुना नसावा या नियमाची, आणि एकाच कोर्सचे किती प्रयत्न धरले जातील या मर्यादेची. पैसे भरण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या होकाराचा वाद झाल्यावर उपयोग होत नाही.

मास्टर्स करून जीपीए झाकला जाईल, ही समजूत फार पसरली आहे. ग्रॅज्युएट पातळीचा जीपीए वेगळा मोजला जातो, अंडरग्रॅज्युएटचा २.८ तसाच राहतो. जिथे अट अंडरग्रॅज्युएट ३.० ची आहे, तिथे कायनेसिऑलॉजीतली मास्टर्स दार उघडत नाही. आधी चार-पाच कॉलेजांकडून खात्री करून घ्या, मगच दोन वर्षे आणि त्याची फी त्यात घाला.

कॉलेजांची यादी

पंचवीस प्रोग्रॅमपासून सुरुवात करा. पीटीकॅसच्या डिरेक्टरीत बरीचशी माहिती मिळते. प्रत्येकासाठी नोंदवा: किमान जीपीए आणि तो नेमका कोणता, रिपीटचे धोरण, शेवटची ६० क्रेडिट्स बघतात का, गेल्या वर्गाचा सरासरी जीपीए, जागा किती, जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का, ऑब्झर्व्हेशनचे (थेरपिस्टचे काम जवळून पाहण्याचे) तास, राज्यातल्या रहिवाशांना प्राधान्य आहे का. जे तिथे लिहिलेले नाही ते ईमेलने विचारा. एकच ईमेल, दोन नेमके प्रश्न: ‘रिपीट केलेल्या प्रीरिक्विझिटची कोणती ग्रेड धरता?’ आणि ‘किमान जीपीए पीटीकॅसच्या एकूण आकड्यावर तपासता की शेवटच्या ६० वर?’ ‘माझा जीपीए कमी आहे, मला संधी आहे का?’ असे विचारू नका. त्याला ‘आम्ही सर्वांगाने विचार करतो’ यापलीकडे उत्तर येत नाही.

मग काटछाट करा. किमान अट पूर्ण होत नसेल ते काढा. तुमचा सर्वांत चांगला आकडाही गेल्या वर्गाच्या सरासरीपेक्षा ०.४ ने कमी असेल ते काढा. तुम्ही दुसऱ्या राज्यातले असाल आणि ते रहिवाशांना प्राधान्य देणारे सरकारी विद्यापीठ असेल, तर तेही काढलेले बरे. आठ ते दहा उरले की थांबा. पहिल्या प्रोग्रॅमला दीडशे डॉलरच्या आसपास आणि पुढच्या प्रत्येकाला साठ-सत्तर डॉलर लागतात, शिवाय काही कॉलेजे सप्लिमेंटलचे, म्हणजे स्वतःच्या पुरवणी अर्जाचे, वेगळे शुल्क घेतात. उत्पन्न कमी असेल तर पीटीकॅसची शुल्कसवलत आहे, पण ती मर्यादित जणांनाच मिळते, त्यामुळे सुरुवातीलाच मागा.

मोठा वर्ग असलेले प्रोग्रॅम, हायब्रिड प्रोग्रॅम आणि नवे प्रोग्रॅम यांत बेताच्या मार्कांना जरा जास्त वाव असतो. साऊथ कॉलेज किंवा बेलर यांच्यासारखे दोन वर्षांचे हायब्रिड प्रोग्रॅम आहेत. तिथे थिअरी ऑनलाइन आणि प्रात्यक्षिकांसाठी ठरावीक काळ कॅम्पसवर. वेग प्रचंड असतो. ज्यांची ग्रेड वेळेच्या नियोजनामुळे घसरली होती त्यांनी हा मार्ग नीट विचार करूनच धरावा.

नव्या प्रोग्रॅमबाबत मान्यतेची स्थिती तपासा. मान्यता कॅप्टी ही संस्था देते. ‘कँडिडेट फॉर अ‍ॅक्रेडिटेशन’ म्हणजे अजून पूर्ण मान्यता नाही. ती पहिला वर्ग बाहेर पडण्याच्या सुमाराला ठरते. ती नाकारली गेली तर एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा देता येत नाही. धोका बहुतेकदा प्रत्यक्षात उतरत नाही, पण कर्ज काढण्याआधी तो माहीत असायला हवा.

जुन्या प्रोग्रॅमचेही दोन आकडे बघा: पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि एनपीटीई उत्तीर्णांचे प्रमाण. कॅप्टी शेवटपर्यंतच्या प्रयत्नांतून उत्तीर्ण होणाऱ्यांचे दोन वर्षांचे सरासरी प्रमाण किमान ८५ टक्के मागते. पहिल्याच प्रयत्नात किती जण पास होतात तेही तुम्ही शोधा. प्रवेश सोपा, पण पहिल्या वर्षी बरेच जण बाहेर पडतात, असे कॉलेज तुमच्यासाठी सर्वांत महागडे ठरते, कारण गळणाऱ्यांत कमी जीपीएवालेच जास्त असतात.

ऑब्झर्व्हेशन आणि शिफारसपत्रे

अट काही ठिकाणी शून्य तासांची, काही ठिकाणी शंभर किंवा जास्त. बेताचे मार्क असलेल्यांनी अटीपुरते तास करून थांबू नये. पण एकाच आउटपेशंट (ओपीडी) क्लिनिकमध्ये तीनशे तास काढण्यापेक्षा १५० तास तीन-चार ठिकाणी विभागलेले बरे: हॉस्पिटलचा इनपेशंट (दाखल रुग्णांचा) विभाग, रिहॅब किंवा स्किल्ड नर्सिंग, पीडियाट्रिक किंवा न्यूरो, आणि एक ऑर्थोपेडिक आउटपेशंट. इनपेशंटसाठी लसीकरणाचे कागद, टीबी चाचणी आणि ओरिएंटेशन यांत आठवडे जातात. तीन-चार महिने आधी अर्ज करा. देखरेख लायसन्सधारक पीटीची हवी. पीटी असिस्टंटबरोबर घालवलेले तास काही कॉलेजे धरत नाहीत. सही किंवा ऑनलाइन पडताळणी त्याच आठवड्यात करून घ्या, नंतर थेरपिस्ट नोकरी बदलून जातात. शक्य असेल तर रिहॅब एड (थेरपिस्टचा मदतनीस) म्हणून पगारी नोकरी धरा. रोजच्या कामातून जे शिकायला मिळते ते कोपऱ्यात उभे राहून मिळत नाही, आणि पत्र लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल सांगण्यासारखे काही असते.

पीटीकॅसमध्ये चार पत्रांपर्यंत जागा आहे. एक पीटीचे, एक सायन्सच्या प्राध्यापकांचे नक्की हवे. प्राध्यापक निवडताना ज्यांच्या कोर्समध्ये तुम्ही सी वरून ए वर आलात त्यांना आधी विचारा. ‘या विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा हा कोर्स केला तेव्हा ऑफिस अवर्सना दर आठवड्याला यायची आणि अभ्यासाची पद्धत बदलली’ हे वाक्य तुम्ही स्वतः लिहून तितके पटत नाही. पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करा. न सोडलेल्या पत्राला कमी किंमत मिळते. दीड-दोन महिने आधी विचारा, सोबत रेझ्युमे आणि तास द्या, आणि त्यांनी थोडी जरी कुरकुर केली तरी आभार मानून दुसरे नाव शोधा. कोमट पत्राने अर्ज थंड पडतो.

निबंध

मर्यादा ४,५०० कॅरेक्टर्स, रिकाम्या जागा धरून. दुसरीकडे लिहून, मोजून मगच पेस्ट करा.

‘मला लोकांना मदत करायला आवडते’ आणि ‘खेळताना गुडघा दुखावला तेव्हा पीटी भेटले’ हे समिती दर हंगामात शेकडो वेळा वाचते. दुखापतीची गोष्ट खरी असेल तर दोन ओळींत संपवा. त्याऐवजी जे पाहिले त्यातले ‘का’ सांगा. पक्षाघातानंतरच्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत घेताना थेरपिस्टने कमकुवत बाजूच्या गुडघ्यासमोर स्वतःचा गुडघा का टेकवला? तो गुडघा भार येताच वाकून जाऊ नये म्हणून. असा एक प्रसंग, त्यावर तुम्ही काय विचारले, काय समजले, हे नेमके लिहिले की वाचणाऱ्याला पुढच्या तीन वर्षांतला विद्यार्थी दिसतो.

कमी ग्रेडचा खुलासा मुख्य निबंधात तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त नको. सप्लिमेंटलमध्ये त्यासाठी वेगळा प्रश्न असेल तर तिथेच लिहा. काय झाले ते एका वाक्यात, जबाबदारी एका वाक्यात, काय बदलले आणि त्याचा पुरावा दोन वाक्यांत: ‘२०२३ नंतर ३२ क्रेडिट्स, त्यातली २८ ए.’ आजारपण किंवा घरची अडचण असेल तर सांगावी, लपवू नये. पण प्राध्यापक वाईट होते असे कधीही लिहू नका.

वेळापत्रक आणि फॉर्ममधल्या चुका

पीटीकॅसचा हंगाम साधारण जूनच्या मध्यावर उघडतो, पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी. बरीच कॉलेजे रोलिंग पद्धतीने जागा भरतात, म्हणजे अर्ज येतील तसे निर्णय. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.८ ला जागा मिळते, ३.० ला तेव्हा उरलेल्या थोड्या जागांसाठी झगडावे लागते. म्हणून जुलै संपण्याआधी अर्ज गेला पाहिजे. अपवाद एकच: उन्हाळ्यातल्या कोर्सच्या ग्रेडशिवाय किमान अट पूर्ण होत नसेल तर ग्रेड येईपर्यंत थांबा. अट आधीच पूर्ण असेल तर आत्ताच पाठवा आणि नवी ग्रेड नंतर पीटीकॅसच्या अकॅडमिक अपडेटमध्ये भरा.

पीटीकॅसची अर्जाची पडताळणी सगळ्या अधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि शुल्क पोचल्यावरच सुरू होते आणि तिला काही आठवडे लागतात. एक ट्रान्सक्रिप्ट राहिली की सगळे अडते. कोर्स स्वतः भरताना ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून अक्षरशः उतरवा: डब्ल्यू, रिपीट, नापास, सगळे. एखादा कोर्स गाळला किंवा क्रेडिट चुकले तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि रांगेतली जागा जाते. शिफारसपत्रांसाठी पडताळणी थांबत नाही, पण ती आल्याशिवाय कॉलेज अर्ज पूर्ण धरत नाही.

अर्ली डिसिजन हा पर्याय दिसेल. त्यात एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि मिळाले तर जायचेच असते. तुमचे आकडे त्या कॉलेजच्या सरासरीच्या जवळ असतील तरच तो घ्या. नाहीतर बाकीच्यांसाठीचे मोलाचे पहिले दोन महिने हातातून जातात.

जीआरई बऱ्याच प्रोग्रॅमनी काढून टाकली आहे. तुमच्या यादीतल्या तीन-चार ठिकाणी लागत असेल तर द्या. चांगला स्कोअर कमी जीपीएला थोडा आधार देतो. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आटोपते, स्कोअर पाच वर्षे चालतो, आणि पुन्हा देण्यासाठी २१ दिवसांचे अंतर लागते. यादीत कुठेच लागत नसेल तर तो अभ्यासाचा वेळ कोर्सच्या ग्रेडला द्या.

मुलाखतीचे बोलावणे आले म्हणजे तुमचा जीपीए त्यांनी पाहूनच बोलावले आहे. ‘तुमच्या दुसऱ्या वर्षाबद्दल सांगा’ हा प्रश्न येणारच, त्याचे ४५ सेकंदांचे उत्तर मोठ्याने म्हणून तयार ठेवा आणि ते ‘आता मी असा अभ्यास करतो’ इथे संपवा. काही ठिकाणी रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत असते, तिथे प्रश्न दिसल्यावर तयारीला थोडाच वेळ मिळतो.

पैसे, आणि भारतातून शिकून आलेल्यांसाठी

१ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचे फेडरल (केंद्र सरकारचे) कर्ज बंद होते. ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर. प्रोफेशनल (डॉक्टर, वकील अशा पदव्यांच्या) गटाला ती जास्त आहे. तुमचा प्रोग्रॅम कोणत्या गटात मोजला जातो हे कॉलेजच्या फायनान्शियल एड कार्यालयाकडून लेखी घ्या, आणि प्रत्येक प्रोग्रॅमने जाहीर केलेले खर्चाचे पत्रक ऑफर येण्याआधीच वाचा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना फेडरल कर्ज मिळत नाही.

पदवी भारतातली असेल तर कोर्सवार मूल्यांकन लागते. काही कॉलेजे ठरावीक प्रीरिक्विझिट अमेरिकेतच केलेले मागतात, तेव्हा तेवढे इथे ए ने करणे हाच नवा जीपीए ठरतो. ज्यांनी भारतात बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) पूर्ण केले आहे त्यांना बहुधा पुन्हा डीपीटीला बसण्याची गरज नसते. एफसीसीपीटी या परदेशी फिजिकल थेरपिस्टची पात्रता तपासणाऱ्या संस्थेकडून शिक्षणाचे मूल्यांकन, राज्याच्या अटी आणि एनपीटीई असा त्यांचा रस्ता वेगळा आहे.

सगळीकडून नकार आला तर

नकार देणाऱ्या प्रत्येक कॉलेजला महिनाभरात फीडबॅक मागा. सगळे देत नाहीत, पण जे देतात ते उपयोगी असते. कुठे मुलाखतीपर्यंत गेलात आणि कुठे नाही हे वेगळे करा. मुलाखती मिळाल्या पण जागा नाही, तर दोष आकड्यांत नाही, बोलण्याच्या तयारीत आहे. एकही मुलाखत नाही, तर यादी चुकली किंवा ग्रेड कमी पडल्या. तोच अर्ज पुन्हा पाठवू नका: किमान १२ नवी क्रेडिट्स, एक नवे पत्र, नव्या प्रकारच्या क्लिनिकमधले तास आणि नव्याने लिहिलेला निबंध एवढे तरी बदललेले हवे. सलग दोन हंगाम मुलाखत आली नाही तर पीटी असिस्टंटच्या दोन वर्षांच्या पदवीचा विचार करा. ती झाल्यावर पीटीच्या देखरेखीखाली रुग्णांवर उपचाराचे काम पगार घेत करता येते, आणि ओहायोतल्या फिंडले विद्यापीठासारख्या ठिकाणी असिस्टंटना पुढे डीपीटीकडे नेणारा वीकेंड प्रोग्रॅमही आहे.